आजारी मुलांसाठी गोधडी शिवायची आहे? कोकणातल्या नव्या मंडळींसाठी पहिल्या टाक्यापासून शेवटच्या घडीपर्यंत

गंभीर आजारी मुलांसाठी गोधड्या शिवून द्यायच्या असं मनात आलं, की बहुतेक जणी पहिल्यांदा कपाट उघडतात. आईची मऊ झालेली लुगडी, सासूबाईंची पातळं, धाकट्याचे आखूड झालेले सदरे बाहेर निघतात आणि पडवीत चटई पसरून काम सुरू होतं. घरच्या बाळासाठी शिवताना हे अगदी योग्यच आहे. कॅन्सर, थॅलेसेमिया, मूत्रपिंडाचे विकार असलेल्या मुलासाठी शिवताना मात्र कपाट बंद ठेवा आणि आधी पूर्ण लेख वाचा.

आपल्याकडे शिवणाऱ्या हातांची कमतरता नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत प्रत्येक वाडीत धावदोरा सरळ घालणारी एखादी काकू सापडतेच. शिकायचं आहे ते दुसरंच. वॉर्डात काय चालतं, काय चालत नाही आणि का, हे एकदा समजून घेतलं की तुमची एकही गोधडी परत येणार नाही. मला हे कुणी एका जागी सांगितलं नव्हतं. दहा जणांना विचारत गोळा करावं लागलं, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते आहे.

"कोकणातल्या उकाड्यात गोधडी कशाला?" हा प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. आपली मुलं उपचारांसाठी घरापासून लांब जातात. सावंतवाडी-कुडाळकडची बरीचशी गोव्यात बांबोळीला, रत्नागिरी-रायगडकडची मुंबईला, परळच्या टाटा किंवा वाडिया रुग्णालयात, नाहीतर टाटाच्याच खारघरच्या केंद्रात. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, ए.एल.एल. त्याचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. तेवढ्या काळात वातानुकूलित वॉर्ड, धर्मशाळेतली खोली, कोकण रेल्वेचा रात्रीचा डबा आणि मधूनमधून घर, असं ते मूल फिरत राहतं. ताप भरताना हुडहुडी येते, अंगावरचं वजन उतरलेलं असतं, आणि आजूबाजूचं सगळं दवाखान्याचं असतं. त्यात एक वस्तू त्याची स्वतःची असते. ती वस्तू सोबत फिरणार, सांडलेल्या औषधाने भरणार, पुन्हा पुन्हा धुतली जाणार. शिवायला बसताना हे सगळं डोळ्यांसमोर असू द्या.

## १. आधी विचारा, मग कात्री लावा

रुग्णालयात थेट गठ्ठा घेऊन जाऊ नका. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात मेट्रन किंवा मुलांच्या वॉर्डाच्या सिस्टर इन्चार्ज यांच्याकडे जा. सकाळी ओपीडीच्या गर्दीत कुणालाही बोलायला फुरसत नसते. दुपारनंतरची वेळ मागून घ्या.

जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- बाहेरून आलेलं पांघरूण वॉर्डात चालतं का? कुठल्या वॉर्डात चालत नाही?
- कापड कुठलं हवं, आणि ते कसं धुतलेलं हवं?
- मुलांच्या खाटांची लांबी-रुंदी किती?
- गोधडी कोण धुणार? रुग्णालयाची धोबीखाना-व्यवस्था की आई-वडील?
- द्यायची कुणाकडे? मुलाच्या हाती की ऑफिसात?

चौथा प्रश्न बऱ्याच जणी विसरतात, आणि तोच सगळ्यात कामाचा आहे. गोधडी आईच धुणार असेल, तर ती धर्मशाळेतल्या बादलीत धुतली जाते आणि खोलीतल्या दोरीवर रात्रभरात वाळावी लागते. सात थरांची जाड वाकळ तिथे दोन दिवस ओलीच राहते. म्हणून आपली गोधडी पातळ हवी.

एका गोष्टीपासून जपा. कुणाचा तरी भाचा तिथे डॉक्टर असतो आणि तो फोनवर "खुशाल घेऊन या" म्हणतो. तेवढ्यावर निघू नका. वॉर्डाची जबाबदारी सिस्टरांची असते, आणि त्यांनी दारात थांबवलं तर त्या बरोबरच असतात. होकार लेखी घ्या, निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी.

दोन ठिकाणी आपण होऊन थांबायचं. एक, अतिदक्षता विभाग आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या खोल्या. तिथे बाहेरच्या वस्तूंना सहसा मज्जाव असतो. मूल साध्या वॉर्डात आलं की द्या. दुसरं, वर्षाच्या आतलं बाळ. झोपलेल्या तान्ह्या बाळाजवळ सैल पांघरूण ठेवू नये, तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. इतक्या लहानग्यांसाठी शिवायचंच असेल तर सिस्टरांना विचारून मांडीवर घ्यायचं दुपटं शिवा, आणि झोपेत अंगावर घालायचं नाही हे आईला स्पष्ट सांगा.

## २. कागदपत्रं

फार लागत नाहीत, पण एका पिशवीत तयार ठेवा:

- साध्या भाषेतला अर्ज: तुम्ही कोण, किती गोधड्या, माप काय, कापड कुठलं, कसं धुतलं, आणि वस्तू विनामूल्य आहे
- गटातल्या दोघांच्या आधारकार्डाच्या प्रती, पहिले आठ आकडे झाकलेल्या
- बचत गट असेल तर ठरावाची प्रत, संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्र
- कापडाच्या पावत्या
- नमुन्याची एक गोधडी. नसेल तर धुतलेल्या कापडाचा एक चौकोन

चार मैत्रिणींनी मिळून शिवून देण्यासाठी संस्था नोंदवायची गरज नाही. प्रश्न पैशांचा येतो. लोकांकडून वर्गणी गोळा करणार असाल, तर गणेश मंडळं धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१क खाली परवानगी घेतात, तशी तुम्हालाही घ्यावी लागेल. आपसातच पैसे काढणार असाल तर वहीत हिशेब पुरे. परदेशातल्या नातेवाइकांचे पैसे घेतानाही नीट बघा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, त्यांची देणगी घ्यायला २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. आणि कापड देणाऱ्या दुकानदाराला "करात सवलत मिळेल" असं तोंडातून काढू नका. ती सवलत पैशांच्या देणगीला असते, वस्तूला नाही.

## ३. कापड

नवं कोरं सुती कापड घ्यायचं. जुनं नाही. हे लिहिताना मलाही जड जातं, कारण आपल्या गोधडीचा जीवच जुन्या लुगड्यात असतो. पण केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप खाली गेलेल्या असतात. आपल्याला साधी वाटणारी बुरशी, धूळ, जंतू त्याला आयसीयूत नेऊ शकतात. एखादं लुगडं वीस वर्षं कपाटात कशाशेजारी होतं, हे आपण छातीठोक सांगू शकत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये सुरू झालेला 'प्रोजेक्ट लायनस' आजारी मुलांना अशीच हाताने केलेली पांघरुणं देतो. तिथेही नवी आणि धुता येणारी पांघरुणंच घेतात.

एखाद्या आईला आपल्या साडीचा तुकडा मुलाच्या गोधडीत हवाच असेल, तर सिस्टरांची परवानगी घ्या, तुकडा उकळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून एका चौकोनात लावा. मी तर म्हणेन, आईने मागितलं तर हे जरूर करा.

वरच्या थराला पॉपलीन किंवा सुती छापील कापड, मधे मलमल किंवा पातळ मांजरपाट, खाली पुन्हा साधं सुती. इचलकरंजीच्या मागांवरचं कापड आपल्या बाजारपेठांत मिळतं आणि ते या कामाला चांगलं आहे. मधे कापूस भरू नका. दोन धुण्यांत त्याचे गोळे होतात आणि आत ओल धरून बसतो.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी काठाचा दोरा काढून घरी जाळून बघा. सुती दोरा कागद जळल्यासारखा वास देतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो.

एका गोधडीला, ४४ इंची पन्ह्याचं:

- चौकोनांसाठी दीड मीटर
- पाठीसाठी दीड मीटर
- मधल्या थरासाठी दीड मीटर
- काठ आणि गोटासाठी एक मीटर

थोडं उरेल, उरू द्या. ४४ इंची म्हणून घेतलेलं कापड धुतल्यावर ४२ वर येतं, कधी त्याहून कमी. त्या हिशेबानेच पुढची मापं दिली आहेत.

काय घ्यायचं नाही: जर, टिकल्या, आरसे, मणी, बटणं, घुंगरू, जाळीची लेस, लोकर. लहान मूल बटण तोंडात घालतं. मुलाच्या हाताला सलाइन, छातीला नळी, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी असते. लेशीच्या भोकात, सैल टाक्याच्या फासात ती अडकते. खेचली गेली तर मुलाला सुई पुन्हा टोचावी लागते.

रंगाबाबत माझं मत: संपूर्ण पांढरी आणि संपूर्ण काळी गोधडी शिवू नका. घरच्यांच्या मनात काय येईल याचा विचार करा. देवांची चित्रंही टाळा. गोधडीला पाय लागतो, आणि त्यावर उलटी झाली तर आईला दुहेरी वाईट वाटतं.

## ४. खळ काढणं आणि कापड मऊ करणं

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि हिच्यावरच सगळं उभं आहे. नवं कापड खळीमुळे कडक असतं. औषधांनी नाजूक झालेल्या कातडीला ते बोचतं. जुन्या लुगड्याचा मऊपणा नव्या कापडाला आणायचा तर धुण्याला पर्याय नाही.

कापायच्या आधी अख्खं कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी गढूळ, चिकट दिसेल, ती खळ. मग कडकडीत पाण्यात, बिनवासाच्या साध्या साबणाने धुवा, खंगाळा, उन्हात वाळवा. असं निदान तीन वेळा. शेवटच्या खंगाळण्याचं पाणी नितळ आलं पाहिजे. आटायचं तेवढं कापड इथेच आटतं. न धुता शिवलेल्या गोधडीचा एक थर आटतो, दुसरा नाही, आणि पहिल्याच धुण्यात तिला फुगे येतात.

सुवासिक पावडर, कापड मऊ करायचं द्रव, अत्तर काही नको. केमो घेणाऱ्या मुलाला वासाने मळमळतं. आपल्याला छान वाटणारा मोगऱ्याचा वाससुद्धा त्याला नकोसा होतो.

गडद लाल, मरून, निळ्या रंगांची परीक्षा घ्या. ओलं पांढरं फडकं जोराने घासा. डाग उमटला तर ते कापड बाजूला. भरतकामाचे दोरेही पांढऱ्या कपात गरम पाण्यात घालून ठेवा. पाणी रंगलं तर तो दोरा दुसऱ्या कामाला.

पावसाळ्याचं काय करायचं? कोकणात याला वेगळं उत्तर हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतीला, चपलेला, ट्रंकेतल्या कपड्यांना बुरा येतो. कमी प्रतिकारशक्तीच्या मुलाच्या फुप्फुसात बुरशी गेली तर तो संसर्ग जिवावर बेतू शकतो. त्यामुळे नियम कडक ठेवा. ज्या कापडावर बुऱ्याचा एक जरी ठिपका आला, ते धुऊन डाग गेला तरी या कामाला वापरायचं नाही. कुबट वास आला तरी नाही.

मला विचाराल तर कामाची वाटणी ऋतूप्रमाणे करा. लावणीच्या दिवसांत तसाही कुणाला वेळ नसतो. भातकापणी झाली की, दिवाळीनंतर, कापड धुणं आणि शिवणं सुरू करा. कोरडी हवा, कडक ऊन आणि मोकळे हात, तिन्ही तेव्हाच मिळतात. पावसात भरतकामाचे सुटे चौकोन करता येतात. तेही रोज काम झाल्यावर इस्त्री करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे. पावसात अख्खी गोधडी शिवायला घेऊ नका. तीन थरांमधली ओल बाहेरून कळत नाही.

कपाटात डांबरगोळ्या ठेवायची आपली सवय आहे. या कापडाजवळ त्या अजिबात नकोत. जी-सिक्स-पी-डी नावाचा घटक ज्यांच्या रक्तात कमी असतो, अशा मुलांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅप्थलीनमुळे फुटू शकतात. कडुलिंबाचा पालाही नको, त्याचा भुगा कापडात शिरतो. कोरडा डबा आणि आठवड्याला एकदा ऊन, एवढंच पुरे.

आणि वाळत घालताना जागा बघून घाला. अंगणात सुकट, बांगडे वाळत असतील तर त्या वाऱ्याला कापड नको. चुलीचा धूर, उदबत्ती, मांजराचे केस, सगळं कापड धरून ठेवतं.

## ५. हाताशी लागणारं सामान

मोजपट्टी, फक्त कापडासाठी राखलेली कात्री, खडू, लांब आणि आखूड सुया, अंगुस्तान, पक्क्या रंगाचा सुती दोरा, इस्त्री, एक जोरदार चुंबक, वही, आणि जमिनीवर पसरायला धुतलेली चादर. दाभण लागत नाही, थर पातळ आहेत. पेन्सिल किंवा बॉलपेनने खुणा करू नका, इस्त्रीने त्या पक्क्या बसतात.

## ६. मुलाची आवड आणि बारा चौकोन

एका बाईने अख्खी गोधडी शिवली तर उत्तमच. पण गटाने काम करायचं तर चौकोनांची पद्धत सोयीची पडते. देवगडची एक, गुहागरची दुसरी, डोंबिवलीत राहणारी तिसरी, अशा जणी आपापल्या घरी एकेक चौकोन भरतात आणि टपालाने एकीकडे पाठवतात. ती एक जोडणी करते.

मुलाला काय आवडतं हे आई-वडिलांकडून किंवा समाजसेवा विभागाकडून विचारून घ्या. आपण मनाने ठरवू नका. आपल्याला वाटतं, कोकणातलं मूल म्हणजे होडी, आंबा, माडाचं झाड. ते सांगतं जेसीबी. मग बारा चौकोनांत जेसीबी, ट्रॅक्टर, रोडरोलर आणि लाल एसटी भरायची. कुणाला वेळासच्या किनाऱ्यावरची कासवाची पिल्लं हवी असतात, कुणाला फक्त क्रिकेट. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना बाहुल्या-फुगे दिले तर ते मान वळवतात. त्यांना रंगसंगती विचारा, साधी भौमितिक नक्षी चालते.

मापं सगळ्यांना आधीच लेखी द्या, कारण गोंधळ इथेच होतो:

- कापायचा चौकोन: ११ × ११ इंच
- शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच
- तयार चौकोन: १० × १० इंच
- चित्र मधल्या ८ × ८ इंचांतच

चित्र काठापर्यंत नेलं तर बसची चाकं शिवणीत जातात. साखळी टाका, उलटी टीप, काश्मिरी टाका चालतात. लांब सैल सॅटिन टाके नकोत, त्यात बोट अडकतं. गाठी टाका घट्ट असेल तरच.

मजकूर लिहायचा असेल तर टोपणनाव लिहा, तेही आई-वडील हो म्हणाले तर. आडनाव, आजाराचं नाव, गावाचं नाव नको. "लवकर बरा हो" हेही मी लिहू देत नाही. काही मुलं लवकर बरी होत नाहीत, काही होतच नाहीत, आणि ते वाक्य त्यांच्या अंगावर रोज असणार आहे.

## ७. जोडणी आणि टाके

रुंदीत तीन, लांबीत चार चौकोन मांडा. जमिनीवर मांडून लांबून बघा, एकाच रंगाचे शेजारी आले तर बदला. आधी आडव्या ओळी जोडा, मग ओळी एकमेकींना. मशीन वापरायला काहीच हरकत नाही, जोड मशीनवर पक्के होतात. प्रत्येक शिवण इस्त्रीने एका बाजूला बसवा. कडेने ५ इंच रुंदीच्या पट्ट्या लावा, शिवणीत अर्धा-अर्धा इंच गेल्यावर ४ इंचांचा काठ दिसेल. तयार माप साधारण ३८ × ४८ इंच. तीन ते दहा वर्षांच्या मुलाला हे पुरतं. मोठ्या मुलांसाठी रुंदीत चार, लांबीत पाच चौकोन घ्या. तेव्हा पाठीला जोड द्यावा लागेल.

आता थर. चादरीवर पाठीचं कापड उलटं, त्यावर मधला थर, त्यावर चौकोनांचा वरचा थर सुलटा. खालचे दोन्ही थर चारी बाजूंनी एकेक इंच मोठे असू द्या. हाताने मधून बाहेर सारवल्यासारख्या सुरकुत्या काढा आणि मधूनच सुरू करून वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. आपल्याकडच्या जुन्या बायका कडेपासून आत येत गोल गोल धावदोरा घालतात. हात बसलेला असेल तर तसंच करा, त्याचं देखणेपण निराळंच आहे. नवशिक्या हाताने कडेपासून सुरुवात केली तर उरलेलं कापड मधे गोळा होतं. त्यांनी मधून बाहेर जावं.

पक्का धावदोरा पाव इंचाचा आणि ओळींमध्ये एक ते दीड इंच अंतर. भरलेल्या चित्रावरून टाका नेऊ नका, चित्राच्या कडेने न्या. दोऱ्याची गाठ वर ठेवू नका. सुई थोडी लांबून मधल्या थरात घाला आणि हलका हिसका देऊन गाठ आत ओढून घ्या. दोरा संपतानाही तसंच. मागे सुटा दोरा राहिला तर लहान मुलाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडवतो. हा धोका खरा आहे, म्हणून सांगते.

शेवटी कडा सारख्या कापून अडीच इंची पट्टीचा गोट लावा. गोट आधी सुटतो, म्हणून मागच्या बाजूने बारीक तुरपाई करा. असं केलेल्या गोधडीचं वजन पाऊण किलोच्या आत राहतं. काटा असेल तर बघा. किलोच्या वर गेली तर थर जाड झाले आहेत.

## ८. सुया मोजा

रोज बसताना किती सुया, टाचण्या, सेफ्टी पिना घेतल्या ते वहीत लिहा. उठताना मोजा. एक कमी असली तर ती सापडेपर्यंत गोधडी पुढे जायची नाही. तुटलेल्या सुईचे दोन्ही तुकडे दिसले पाहिजेत. शेवटी चुंबक दोन्ही बाजूंनी गोधडीवरून हळूहळू फिरवा, आणि मग दुसऱ्या बाईने डोळे मिटून तळहाताने पूर्ण गोधडी चाचपावी. जिने शिवली तिने नाही. तिचा हात सवयीने पुढे जातो. सुई सापडलीच नाही, तर ती गोधडी आजारी मुलाला द्यायची नाही, कितीही सुंदर झाली असली तरी.

सर्दी-खोकला, ताप, नागीण, कांजिण्या, खरूज असलेल्या बाईने तेवढे दिवस या कामाला हात लावू नये. घरात मुलाला कांजिण्या असतील तरी थांबा. कुणालाही वाईट वाटायचं कारण नाही, आणि हे गटात पहिल्याच दिवशी बोलून ठेवा.

## ९. शेवटचं धुणं आणि पाठवणी

तयार गोधडी पुन्हा गरम पाण्यात धुवा. मशीनवर ६० अंशांची सोय असेल तर ती वापरा. याच धुण्यात कच्चा टाका, फुटणारा रंग उघडा पडतो, आणि तो आपल्या घरी पडलेला बरा. कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, इस्त्री करा. इस्त्रीची ऊब पूर्ण गेल्यावरच घडी करा, नाहीतर पिशवीत आतून घाम धरतो. पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत घाला. आत कागदाची चिठ्ठी: कापड शंभर टक्के सुती, धुतल्याची तारीख, कसं धुवायचं, आणि गटाचा फोन नंबर. चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत लिहा, मुंबईच्या वॉर्डात देशभरातली मुलं असतात.

पाठवायला टपालाचं पार्सल किंवा मुंबईला निघालेलं ओळखीचं माणूस. गणपतीहून परतणाऱ्या चाकरमान्यांबरोबर पाठवायचा मोह होतो, पण ते पावसाचे दिवस. तेव्हा दोन प्लास्टिकच्या पिशव्या हव्यातच, आणि मासळीच्या टोपलीशेजारी पिशवी जाणार नाही हे बघा.

## १०. देताना

जमलं तर सिस्टरांच्या हातीच द्या आणि निघा. मुलाला भेटायचंच असेल तर त्यांनी बोलावलं तरच, दोघींहून जास्त नाही, हात धुऊन, मास्क लावून. "काय झालंय?", "कधीपासून?", "डॉक्टर काय म्हणतात?" हे त्या आईने शंभरदा ऐकलेलं असतं, आपण विचारू नये. औषधं, पथ्यं, कुणाचा तरी काढा, यांपैकी काही सुचवू नका.

फोटो काढू नका. मुलाचा तर नाहीच. तुम्हाला गटाला दाखवायचं असेल तर पाठवण्याआधी घरच्या अंगणात गोधडीचा काढा. वाढदिवसाला किंवा निवडणुकीच्या दिवसांत कुणी पुढारी "वाटपाचा कार्यक्रम करू" म्हणेल. नम्रपणे नाही म्हणा. मुलाला रांगेत उभं करून दिलेली गोधडी त्याची राहत नाही.

एका वॉर्डात बारा मुलं असतील आणि तुमच्याकडे आठच गोधड्या असतील, तर आठ घेऊन जाऊ नका. आणखी चार होईपर्यंत थांबा.

## ११. नंतरची वही

प्रत्येक गोधडीला नंबर द्या. वहीत नंबर, कापड कुठून घेतलं, कोणकोणी चौकोन भरले, कुठल्या रुग्णालयात दिली, कुठल्या तारखेला. मुलाचं नाव लिहू नका. कापडात काही दोष निघाला तर त्याच थानाच्या बाकीच्या गोधड्या या वहीमुळेच शोधता येतात.

मूल गेल्याची बातमी कधीतरी येईल. गोधडी परत मागायची नाही, दुसऱ्या मुलाला द्यायची नाही, त्या घरी फोन करायचा नाही. त्यांनी स्वतःहून फोन केला तर ऐकून घ्या. ज्या जणींनी चौकोन भरले होते त्यांना मात्र एकेकीला सांगा, गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. आणि एखादीला पुढचे काही महिने शिवावंसं वाटलं नाही, तर तिला धुण्याचं, पार्सलचं काम द्या.

बहुतेक फोन मात्र दुरुस्तीसाठी येतात. गोट सुटला, कोपरा फाटला, शाळेत जायला लागल्यापासून आखूड पडते. त्यासाठी प्रत्येक गोधडीच्या काठाचं वीतभर कापड नंबर लिहून जपून ठेवा. आखूड पडली तर खालच्या बाजूला एक ओळ वाढवता येते. गोधडी धुऊन पाठवा म्हणावं, आणि आठ दिवसांत परत द्या. तेवढे दिवस ते मूल तिच्याशिवाय झोपणार असतं.